विद्यापीठातल्या आयटीवाल्यांनी शिकायचं कधी?

निशिगंध

नमस्कार मंडळी,

मी एका राज्य विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करते. नाव लिहीत नाही, तशी गरजही नाही, कारण ऐकते त्यावरून बऱ्याच ठिकाणी असंच चाललंय. सध्या आमच्याकडे तीन मोठी कामं एकदम सुरू आहेत. परीक्षेचं जुनं सॉफ्टवेअर सोडून समर्थ या विद्यापीठांसाठीच्या सरकारी सॉफ्टवेअरवर जायचंय, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्यांच्या क्रेडिटचं देशपातळीवरचं ऑनलाईन खातं) मागच्या बॅचेसचे क्रेडिट चढवायचेत, आणि पदवी प्रमाणपत्रांवरची मराठी नावं जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायचीत. कामं मला मनापासून आवडतात. त्रास वेगळाच आहे. प्रत्येक कामात कोणीतरी एक जण खूप काही शिकतो, काम पार पडतं, मग त्याची बदली होते किंवा करार संपतो आणि पुढच्याला पुन्हा श्रीगणेशा.

प्राध्यापकांना रिफ्रेशर असतो, ओरिएंटेशन असतं, आणि ते केलं की कॅसमध्ये, म्हणजे बढतीच्या योजनेत, धरलं जातं. चांगलंच आहे, त्याला माझी हरकत नाही. पण हॉलतिकिटापासून पदवीपर्यंत सगळं ज्यांच्या जिवावर चालतं त्या प्रोग्रॅमर, सिस्टीम ॲनालिस्ट, नेटवर्कवाल्यांनी शिकायचं कधी? रात्री पोरं झोपल्यावर यूट्यूबवर?

माझं म्हणणं असं की शिकणं हे कामातच धरलं पाहिजे. म्हणजे प्रोजेक्टच्या टिपणीतच लिहायचं की शेवटचे अमुक दिवस शिकलेलं लिहून काढायला आणि दुसऱ्या दोघांना करून दाखवायला. तुमच्याकडे काय पद्धत आहे? विद्यापीठ, कॉलेज, लायब्ररी, कंपनी, कुठूनही असाल तरी लिहा.

डेक्कनक्वीन

एकदम जिव्हाळ्याचा विषय. रुमाल टाकून ठेवते, गाडीत बसले की सविस्तर लिहिते.

तांबडीमाती

ताई, तुमचं सगळं पटतं पण एक बाजू राहिली. मी करारावर आहे. अकरा महिने, मग एक दिवसाचा खंड, मग परत ऑर्डर निघाली तर निघाली. गेल्या खेपेला ऑर्डर निघेपर्यंत पगार नव्हता आणि त्या काळातसुद्धा परीक्षा विभागाचे फोन येत होते, गॅझेट (निकालाची यादी) निघत नाहीये जरा बघा ना. मी बघितलं, कारण खोळंबा मुलांचा होतो.

आता मला सांगा, मी जे शिकलो ते सगळं लिहून दिलं तर पुढच्या वर्षी मला बोलवायचं कारण काय उरतं? हे मी चिडून लिहीत नाही. आमच्यातले बरेच जण हाच विचार करतात, फक्त बोलत नाहीत. आधी नोकरीची शाश्वती द्या, डॉक्युमेंटेशन आपोआप येईल.

गोदाकाठ

मी उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहितो.

तांबडीमाती यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, ते खरं आहे. पदं मंजूर नाहीत, आहेत ती भरायला परवानगी नाही, म्हणून करारावर माणसं आणि त्या माणसांच्या हातात विद्यापीठाचा सगळा डेटा. याची काळजी व्यवस्थापन परिषदेत प्रत्येकाने केली पाहिजे.

पण निशिगंध यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या अनुभवात थोडं वेगळं आहे. नुसतं ‘प्रशिक्षण’ म्हणून टिपणी टाकली की लेखा विभाग पहिला प्रश्न विचारतो, कशासाठी, कोणत्या शीर्षाखाली, मागच्या वर्षी किती खर्च झाला. मागच्या वर्षी शून्य असेल तर या वर्षीही शून्यच. म्हणून प्रशिक्षण वेगळं मागू नका, खरेदीच्या आतच घाला. निविदा काढताना कामाच्या व्याप्तीमध्ये लिहा की पुरवठादाराने विद्यापीठाच्या किमान तीन कर्मचाऱ्यांना स्वतंत्रपणे काम करता येईल इतपत तयार करावं, सोर्स आणि डेटाबेसचा आराखडा लिहून द्यावा, आणि शेवटचा हप्ता याला बांधा. हप्ता अडकला की सगळं होतं. मी स्वतः असं करून घेतलं आहे. ज्या कामात हे कलम होतं ते सॉफ्टवेअर कंपनी गेल्यावरही आमची माणसं चालवत राहिली.

बायनरीबाबू

काका, कलम चांगलं आहे, पण आता पुरवठादाराचंही ऐका :)

मी विद्यापीठांना सॉफ्टवेअर देणाऱ्या एका कंपनीत इम्प्लिमेंटेशन बघतो. ट्रेनिंग आम्ही देतो, मनापासून देतो. पण समोर कोण येतं? पहिल्या दिवशी एक कक्ष अधिकारी, दुसऱ्या दिवशी त्यांच्याऐवजी दुसरेच कोणी, तिसऱ्या दिवशी कॅप (उत्तरपत्रिका तपासणीचं केंद्र) सुरू होतो म्हणून सगळेच गायब. ज्याला रोज ते वापरायचंय त्याला काउंटर सोडता येत नाही. मग उपस्थितीपत्रकावर तीन सह्या होतात, फोटो निघतो, हप्ताही सुटतो, आणि पुढच्या सोमवारी मलाच फोन, की पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) डुप्लिकेट झालाय काय करू.

म्हणून कलमात ट्रेनिंगचे दिवस लिहू नका. असं लिहा की तुमचा माणूस आमच्या मदतीशिवाय एका विषयाचा निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून दाखवेल, एटीकेटी, ग्रेस, कॅरी ऑन सगळ्या केसेससकट. तो लावता आला तरच हप्ता. आम्हालाही ते बरं पडतं, सपोर्टचे फोन कमी होतात.

गोदाकाठ

बायनरीबाबू, ही सुधारणा मान्य. माझ्या कलमापेक्षा चांगली आहे.

पानगळ

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. आम्ही तांत्रिकदृष्ट्या ‘आयटी स्टाफ’ नाही पण आमचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कोहा, डिजिटल संग्रहाचं डीस्पेस, सगळं आम्हीच सांभाळतो. ग्रंथपालांमध्ये एक चांगली सवय आहे, विचारायची आणि सांगायची. कोहाच बघा, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी ते बनलं, २००० साली चालू झालं, आणि त्यांनी ते सगळ्यांना मोकळं करून दिलं. आज जगभर चालतंय. मला मार्क रेकॉर्डमध्ये, म्हणजे पुस्तकाच्या संगणकीय नोंदीत, मराठी लेखकांची नावं इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही लिपींत हवी होती, तेव्हा मेलिंग लिस्टवर विचारलं तर दुसऱ्या देशातल्या माणसानं पायरी पायरीनं सांगितलं.

लिनक्स मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवरून शिकले. साधारण दहा दहा मिनिटांचे धडे, मराठीतही आहेत, एका बाजूला व्हिडिओ लावायचा आणि शेजारच्या खिडकीत तेच स्वतः करत जायचं. वय झाल्यावर टर्मिनलची भीती वाटते असं म्हणणाऱ्या आमच्या दोन सहकारी त्याच्यावरून आता बॅकअपची स्क्रिप्ट स्वतः चालवतात.

निशिगंध, तुमच्या केंद्रात आठवड्याला एक तास जरी काउंटर बंद ठेवून असं बसता आलं तरी फरक पडेल. आमच्याकडे ग्रंथपाल मॅडमनी दुपारी तीन ते चार हा तास सरळ परिपत्रक काढून राखून ठेवला. परिपत्रक असलं की कोणी उठवायला येत नाही.

कृष्णाकाठचा

धागा वाचतोय. एक बाळबोध शंका. मराठी नावं युनिकोडमध्ये आणण्यात एवढं काय अवघड आहे? कन्व्हर्टर मिळतात की नेटवर, घातलं की निघालं.

निशिगंध

कृष्णाकाठचा, शंका बाळबोध नाही, आमच्या वरिष्ठांनीही हेच विचारलं होतं. सविस्तरच लिहिते, कारण हा धागा काढायचं खरं कारण तेच आहे.

जुन्या फाईलमध्ये मराठी नावं सीडॅकच्या आयएसएमच्या किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. म्हणजे फाईलमध्ये मराठी अक्षरं नाहीतच, भलतीच चिन्हं आहेत आणि फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. त्यात पहिली वेलांटी टाईप करताना अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलटा, तिथे अक्षराच्या नंतर, इथे आधी. हे कन्व्हर्टर बऱ्यापैकी सांभाळतात. खरी मेख ऱ्ह आणि ऱ्यामध्ये आहे.

बऱ्हाटे, कुऱ्हाडे, कऱ्हाडकर, गोऱ्हे. हा जो चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, मग ह. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग यू. दुसरी तऱ्हा, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर, मग ह. काही फोनेटिक कीबोर्ड असं टाईप करतात. स्क्रीनवर आणि कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. मशीनला मात्र ती दोन वेगळी नावं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवलं तरी ती एक होत नाहीत. त्यामुळे बऱ्हाटे आडनावाचा विद्यार्थी काउंटरवर येऊन उभा असतो आणि आमच्या सर्चमध्ये ‘रेकॉर्ड सापडले नाही’.

आमच्याकडे करारावर एक मुलगा होता, त्याने हे शोधून काढलं. प्रत्येक र, हलन्त आणि तो अदृश्य कॅरेक्टर शोधून तिथे ऱ घालायचा, असा नियम लिहिला. सुंदर चाललं. करार संपला, तो पुण्याला कंपनीत गेला. पुढच्या बॅचच्या वेळी नवीन माणसाला फाईल मिळाली, त्याला त्यात अदृश्य कॅरेक्टर दिसले, त्याला वाटलं कचरा आहे, त्याने सगळे सरसकट काढून टाकले. कोणीही तेच केलं असतं, कारण कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. आणि तो कॅरेक्टर काढला की मागे साधा र उरतो आणि त्याचा रफार होतो. बऱ्हाटेचं झालं बर्हाटे. अशी सगळी आडनावं प्रूफमध्ये गेली.

पकडलं कोणी तर आमच्या पदवी विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी. त्या प्रत्येक प्रूफ खाली पट्टी धरून वाचतात. त्यांनी एका पानावर तीन नावांना लाल गोल केले आणि फोन केला की हे रफार कुठून आले. छपाईला जायच्या आधी. नाहीतर पदवीप्रदानाच्या दिवशी काय झालं असतं विचार करा, ज्या घरात पहिल्यांदा कोणी पदवीधर होतंय त्या घराचं नाव प्रमाणपत्रावर चुकलेलं.

ही चूक टाळायला एक पान पुरलं असतं. ते एक पान लिहायला त्या मुलाला दोन तास मिळायला हवे होते आणि ते कामाचे तास म्हणून धरायला हवे होते. एवढंच माझं म्हणणं आहे.

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा, माह्या आयडीतच तो अर्धा र आहे, आता रोज भेव लागन का कोनी त्याले कचरा समजून काढून टाकते.

कृष्णाकाठचा

शंका परत घेतो. हे माहीतच नव्हतं. आमच्या साखर कारखान्याच्या सभासद यादीत पण हाच घोळ असणार, उद्याच बघतो.

डेक्कनक्वीन

बऱ्हाटे ही माझ्या माहेरची बाजू, आणि आमच्या घरात एका नावाच्या तीन तऱ्हा तीन कागदांवर आहेत. आणि ‘तऱ्हा’ शब्दातही तोच ऱ्ह, घ्या!

आता गाडीत बसलेय म्हणून सविस्तर. मी मुंबईत एका स्वायत्त कॉलेजच्या परीक्षा विभागाचं सॉफ्टवेअर बघते. क्रेडिट बँकेचं बोलायचं तर तिथेही नावाचाच प्रश्न येतो, फक्त इंग्रजीतल्या. विद्यार्थ्याचा बारा अंकी अपार आयडी आधारशी जोडलेला, त्यामुळे आधारवर ‘गणेश विठ्ठल’ आणि आमच्याकडे आडनाव आधी असेल तर गाडी अडते. क्रेडिट बँकेची योजना २०२१ मध्ये सुरू झाली, आमच्याकडे आधीच्या बॅचेसची नावं बारावीच्या गुणपत्रिकेवरून जशीच्या तशी घेतलेली. मी काय केलं, प्रत्येक एररचा एक स्क्रीनशॉट, त्याखाली कारण आणि उपाय, अशी एक शेअर केलेली शीट ठेवली. दुसऱ्या तीन कॉलेजच्या मैत्रिणींना दिली. त्यांनी त्यात भर घातली. आता ती शीट माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त झालीय.

तांबडीमाती, तुमच्या मुद्द्यावर थोडी असहमत. त्या शीटमुळे माझी गरज कमी झाली नाही. उलट दुसऱ्या कॉलेजनं मला व्याख्यानाला बोलावलं आणि मानधनही दिलं.

तांबडीमाती

डेक्कनक्वीन ताई, तुम्ही कायम आहात का? असाल तर दोघांची गणितं वेगळी आहेत.

डेक्कनक्वीन

हो, कायम आहे. मुद्दा मान्य.

सरोवर

मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या आयटीत आहे, मूळ नाशिकचा. इकडचं थोडं सांगतो, तुलना म्हणून नाही, त्यातलं काय उचलता येईल एवढ्यासाठी.

एक. मोठा बिघाड झाला की दोन-चार दिवसांत सगळे एकत्र बसतात आणि काय घडलं ते वेळेच्या क्रमानं लिहितात. नियम एकच, कोणी केलं हे लिहायचं नाही, कशामुळे होऊ शकलं ते लिहायचं. निशिगंधच्या गोष्टीत ‘नवीन माणसाने काढून टाकलं’ असं न लिहिता ‘नियम लिहिलेला नव्हता आणि प्रूफआधी नमुना तपासणी नव्हती’ असं लिहिलं जाईल. याने माणसं घाबरत नाहीत आणि खरं सांगतात. ही कागदपत्रं आतल्या सगळ्यांना वाचायला खुली असतात. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात आम्ही त्याला तीच वाचायला देतो.

दोन. विद्यापीठं एकमेकांत सॉफ्टवेअर बनवतात. साकाई नावाची लर्निंग सिस्टीम २००४ मध्ये मिशिगन, इंडियाना, एमआयटी आणि स्टॅनफर्ड यांनी मिळून सुरू केली. सॉफ्टवेअर तर झालंच, पण चार विद्यापीठांतल्या प्रोग्रॅमरना एकमेकांचा कोड वाचायची सवय लागली. आणि उच्च शिक्षणातल्या आयटीवाल्यांची एज्युकॉज म्हणून मोठी संघटना आहे. तिचं वार्षिक संमेलन होतं, तिथे कुलगुरूंपेक्षा सिस्टीम ॲडमिन जास्त बोलतात.

सगळं गोड नाही. इथेही बजेट कापलं की पहिली कात्री ट्रेनिंगलाच लागते.

मोरपीस

सरोवर, ‘कोणी केलं हे लिहायचं नाही’ हे आपल्याकडे चालणं अवघड. इथे बिघाड झाला की पहिलं वाक्य ‘जबाबदारी निश्चित करा’. खुलासा मागवतात, मग प्रत्येक जण स्वतःला वाचवत लिहितो आणि खरं कारण कोपऱ्यात राहतं. २०१७ ला मुंबई विद्यापीठाचे निकाल ऑनस्क्रीन मूल्यांकनामुळे लांबले तेव्हा सगळी चर्चा कोणाला घालवायचं यावरच झाली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढलं. मला तेव्हापासून वाटतं की त्यातून काय शिकायचं ते राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या परीक्षा विभागानं एकत्र बसून शिकायला हवं होतं. स्कॅनिंगचा वेग, शिक्षकांच्या लॉगिनचा ताण, उत्तरपत्रिका आणि बारकोड जुळवणं, किती महिने आधी चाचणी घ्यायची. हे सगळं पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं होतं.

गोदाकाठ

मोरपीस, खुलासा आणि आढावा असे दोन वेगळे कागद ठेवता येतात. खुलासा आस्थापनेकडे जातो, आढावा संगणक केंद्रात राहतो. आढाव्यात व्यक्तीचं नाव येणार नाही एवढं कुलसचिवांकडून एकदा लेखी घेऊन ठेवायचं.

भरीत

जळगावकडचा आहे, आयडीवरून कळलंच असेल. मूडलचा, म्हणजे ऑनलाईन शिकवण्याच्या आणि परीक्षेच्या सॉफ्टवेअरचा, अनुभव सांगतो.

२८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील. ऑक्टोबरमध्ये परीक्षा. बहुपर्यायी प्रश्न, मुलं घरी, कोणाकडे धड नेटवर्क नाही, कोणी शेतातल्या झाडाखाली बसलंय. आम्ही मूडल निवडलं. मूडल आपलं मोकळं सॉफ्टवेअर, २००२ पासून आहे, ऑस्ट्रेलियात पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेलं, आणि त्याचं मराठी भाषांतरही आहे.

पहिल्या सराव परीक्षेत सगळी मुलं दहाच्या ठोक्याला ‘प्रयत्न सुरू करा’वर आली. सर्व्हरचा प्रोसेसर निवांत, मेमरी निवांत, पण पान उघडेना. आम्ही रॅम वाढवत बसलो. मग आमच्यातल्या एकीनं लॉग उघडून बघितलं तर पीएचपीचे वर्कर (एकेक विनंती हाताळणाऱ्या प्रक्रिया) संपलेले आणि बाकीचे सगळे रांगेत, शिवाय सेशन (कोण लॉगिन आहे त्याच्या नोंदी) डिस्कवरच्या फाईलमध्ये. तिनं सेशन रेडिसमध्ये, म्हणजे थेट मेमरीत, टाकले, वर्कर मेमरीच्या हिशोबानं वाढवले. आणि सगळ्यात कामाचा उपाय तंत्राचा नव्हताच. परीक्षा विभागाला तिनं पटवलं की विषयागणिक सुरुवात पंधरा मिनिटं पुढेमागे ठेवा. खरी परीक्षा बिनघोर पार पडली.

आता मुद्दा. हे सगळं आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर बोललो. रात्री दोन वाजता कॉन्फिग फाईलचे फोटो, कोणती ओळ बदलली ते, सगळं तिथेच. नंतर कोणाचा फोन बदलला, कोणी ग्रुप सोडला, मागच्या वर्षी परत ऑनलाईन चाचणी घ्यायची म्हटल्यावर ते शोधायला बसलो तर अर्धं गायब. तेव्हा निशिगंध ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर. आता आम्ही गिटमध्ये (फाईलमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) कॉन्फिग ठेवतो आणि प्रत्येक बदलाला मराठीत एक ओळ, का बदललं. मराठीत लिहायला लागल्यापासून लोक खरंच लिहितात हा माझा अनुभव.

अंतिमवर्ष

काका-काकू, सगळं वाचलं, तुमच्याबद्दल आदर दुप्पट झाला. पण माझ्या पाचव्या सेमचं रीव्हॅल कधी लागतंय?

भरीत

बाळा, कोणतं विद्यापीठ ते तर सांग :)

मांडवी

नमस्कार, मी गोव्यातल्या एका कॉलेजात आहे. नेटवर्क, वेबसाईट, प्रोजेक्टर, प्रिन्सिपॉल सरांचा प्रिंटर, सगळं मीच. तुम्ही लोक निदान केंद्रात चार-पाच जण आहात. एकट्यानं शिकण्यात एक मोठी अडचण आहे, आपण बरोबर शिकलो की चूक हे सांगणारं कोणी नसतं.

उदाहरण देतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, आदेश काढला की ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवायच्या आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. आता कॉलेजच्या फायरवॉलमध्ये लॉगला जागा किती, ते बाहेर कुठल्या मशीनवर घ्यायचे, घड्याळं सगळ्या उपकरणांची एकसारखी कशी ठेवायची, हे मी एकट्यानं वाचून केलं. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजचा माणूसही त्याच महिन्यात तेच एकट्यानं करत होता. आम्हाला एकमेकांचा पत्ताच नव्हता. एका लग्नात भेटलो तेव्हा कळलं!

त्यानंतर आम्ही काही कॉलेजवाले महिन्यातून एकदा भेटतो, प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या सर्व्हर रूममध्ये. यजमानानं आपलं एक काम प्रत्यक्ष दाखवायचं. स्लाईड नाहीत. मागच्या खेपेला एज्युरोम बघितलं, म्हणजे आपल्या कॉलेजच्या आयडीनं दुसऱ्या संस्थेच्या वायफायवर बसता येतं ते. भारतात ते अर्नेट या शैक्षणिक नेटवर्ककडून चालतं. विनंती रेडियस (ओळख तपासणाऱ्या) सर्व्हरवरून घरच्या संस्थेकडे कशी जाते आणि होकार कसा परत येतो हे लॉगमध्ये ओळ न् ओळ बघितलं. पुस्तकात चार वेळा वाचलेलं तेव्हा डोक्यात शिरलं.

विद्यापीठाची परवानगी, बजेट काही लागलं नाही. चहा यजमानाचा.

पानगळ

मांडवी, हे फार आवडलं. ‘स्लाईड नाहीत’ याला विशेष अनुमोदन.

मोरपीस

+१. पण सावधगिरी म्हणून एक, दुसऱ्याच्या सर्व्हर रूममध्ये खऱ्या विद्यार्थ्यांचा डेटा स्क्रीनवर येऊ देऊ नका. चाचणीचा डेटा वेगळा बनवून ठेवा. पासवर्ड असलेल्या फायली उघडून दाखवायची सवयही सोडा.

कृष्णाकाठचा

समर्थबद्दल कोणी बोललंच नाही. दिल्लीचं सॉफ्टवेअर आपल्यावर का, आपल्याकडे प्रोग्रॅमर नाहीत का?

निशिगंध

कृष्णाकाठचा, मी उलटं बघते. ते शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून दिल्ली विद्यापीठातल्याच लोकांनी बनवलंय. म्हणजे विद्यापीठाच्या आत बसलेली माणसं देशभर चालणारं काम करू शकतात हे सिद्धच झालं. आपल्याकडे तसे लोक आहेत, याच धाग्यावर दिसतायत. त्यांना एकत्र बसायला जागा आणि वेळ मिळत नाही.

आणि समर्थवर जाताना आमचे परीक्षेचे नियम पहिल्यांदाच नीट लिहून काढावे लागले, कारण ते आतापर्यंत फक्त जुन्या प्रोग्रॅमच्या कोडमध्ये होते. ग्रेसचे गुण आधी धरायचे की खेळाचे, यावर दोन विभागांत दोन समजुती निघाल्या! परीक्षा व मूल्यमापन मंडळासमोर ठेवून निर्णय घ्यावा लागला. हे शिकणं नाही तर काय.

गोदाकाठ

निशिगंध, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. खाली टिपणीचा मसुदा देतो, तुमच्या सोयीनं बदला.

‘विषय: पदवी प्रमाणपत्र नावे युनिकोड रूपांतरण कामाची कार्यपद्धती लिखित स्वरूपात जतन करणेबाबत. उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर काम पूर्ण झाल्यानंतर संबंधित कर्मचाऱ्यांनी कार्यपद्धती लेखी तयार करून किमान दोन अन्य कर्मचाऱ्यांकडून ती प्रत्यक्ष करून घेणे आवश्यक आहे. याकरिता लागणारा कालावधी कर्तव्य कालावधी म्हणून ग्राह्य धरण्यात यावा. सदर कार्यपद्धतीवर तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव नमूद करण्यात यावे. मान्यतेस्तव सादर.’

‘कर्तव्य कालावधी’ हे शब्द काढू नका, त्याच्यावरच सगळं उभं आहे. आणि खर्चाचा उल्लेख मुद्दाम टाळलाय, म्हणजे फाईल लेखा विभागात जाणार नाही, कुलसचिवांच्या सहीवर संपेल.

निशिगंध

काका, अगदी हेच हवं होतं. उद्या टाकते. नाव नमूद करण्याचं वाक्य तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मांडवी, तुमच्यासारखं आपण ऑनलाईन करूया का? चवथीनंतरचा एखादा शनिवार. पहिल्या बैठकीला मी ऱ्ह दाखवते, बनावट नावांच्या यादीवर, आधी बिघडवून मग दुरुस्त करून.

मांडवी

चवथीनंतर कधीही. माझा लॉग सर्व्हर दुसऱ्या खेपेला.

भरीत

मूडलचा बॅकअप मी घेतो, म्हणजे बॅकअप काढून नाही, परत चढवून दाखवतो. काढतात सगळेच, चढवून बघितलेला माणूस मला क्वचित भेटतो.

तांबडीमाती

काकांच्या मसुद्यातलं नावाचं वाक्य वाचून लिहितोय. माझं मत बदललेलं नाही, करारावरच्या माणसाची सुरक्षितता हा पहिलाच प्रश्न आहे आणि तो कुलसचिवांच्या सहीनं सुटणार नाही. पण कागदावर माझं नाव राहणार असेल तर पुढच्या मुलाखतीत मला तो कागद दाखवता येईल. क्रेडिट अपलोडच्या एररची माझी एक वही आहे, त्यातलं लिहून देईन. डेक्कनक्वीन ताईंच्या शीटमध्ये नसलेल्या बऱ्याच केसेस आहेत. लॅटरल एन्ट्रीवाल्या (थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या) मुलांचे पहिल्या वर्षाचे क्रेडिट, कॉलेज बदललेली मुलं.

डेक्कनक्वीन

कॉलेज बदललेल्या मुलांची केस माझ्याकडे दोन महिने अडकलीय! व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा. शीटमध्ये तुमच्या नावाचा वेगळा कॉलम करते.